मुळा-मुठेकाठची ससूनांची कोठी

नगरहून पुण्याला येणारा जुना रस्ता येरवड्याकडून बंडगार्डनच्या दगडी पुलावरून शहरात शिरत असे. याच मुळा-मुठेच्या काठी 1862 ते 1864 या काळात एक देखणी कोठी उभी राहिली, ‘गार्डन रीच’. मालक अल्बर्ट ससून, आराखडा लष्करी अभियंते हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा.

बांधकामाची ही वर्षं फार बोलकी आहेत. 1861मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या तोंडाकडे पाहू लागल्या. इकडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हवेल्या बांधल्या. दख्खनच्या शेतकऱ्याच्याही हाती चार पैसे आले आणि त्या भरवशावर सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागला. 1865मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र अंगावर राहिलं. पुढे सरकारनं शेतसारा वाढवला. मे 1875मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जळाले आणि दंगा बघता बघता नगर जिल्ह्यातल्या पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पोचला. एकाच तेजीनं कुणाची कोठी उभी केली आणि कुणाचं शेत गहाण टाकलं, हे ध्यानात ठेवूनच मला ही वास्तू पाहावीशी वाटते.

ससून घराणं मूळचं बगदादचं, ज्यू. तिथल्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून डेव्हिड ससून बाहेर पडले आणि बुशहरमार्गे 1832च्या सुमारास मुंबईत आले. अरबी, फारसी, हिंदुस्थानी त्यांना येत होती. इंग्रजी ते कधी शिकलेच नाहीत, सही हिब्रू अक्षरांत करत. आठ मुलगे होते, अल्बर्ट त्यांतलेच एक. एकेकाला चीनच्या, इंग्लंडच्या पेढीवर धाडून त्यांनी व्यापाराचं जाळं विणलं. त्या व्यापारात कापूस आणि सूत होतं, तशी माळव्याची अफूही होती. चीनमध्ये त्या अफूनं घरंच्या घरं बसली. ससूनांच्या दानधर्माचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही.

कोठी पुण्यातच का? पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर पुण्याला मुक्कामी येत, त्यांच्यामागे सरकारी दप्तर आणि शेठसावकारही. गार्डन रीचची बाग त्या काळी नावाजलेली होती. मनोऱ्यात पाण्याची मोठी टाकी होती, तिच्यावर बागेतली कारंजी चालत. भोजनगृह मुख्य घरापासून वेगळं, मध्ये लांब मोकळी वाट. त्याला लागून एक खास उघडी खोली होती. ज्यूंच्या सुक्कोथ सणात पानाफांद्यांच्या छपराखाली जेवायचं असतं, त्यासाठी ती राखलेली. हा सण पौर्णिमेला सुरू होतो, कधी भाद्रपदातल्या, कधी कोजागरीच्या. म्हणजे कोठीत पानांच्या मांडवात पंगत बसे, त्याच दिवसांत काही वर्षी आसपासच्या गच्च्यांवर दूध आटत असे. या कोठीची हीच खोली मला सर्वांत जवळची वाटते.

7 नोव्हेंबर 1864 रोजी पुण्यातच डेव्हिड यांचं निधन झालं. लष्कर भागातलं त्यांनी बांधायला घेतलेलं सिनेगॉग, आपलं ‘लाल देऊळ’, 1867मध्ये पुरं झालं. तेही विल्किन्स यांचंच काम. डेव्हिड यांची कबर त्याच आवारात आहे.

अल्बर्ट यांनी व्यापाराला उद्योगाची जोड दिली. 1874च्या सुमारास मुंबईत ससून मिल निघाली, 1875मध्ये कुलाब्याची ससून गोदी खुली झाली. धाकटे बंधू इलायस यांनी स्वतंत्र पेढी काढली होती. त्यांच्या शाखेनंही मुंबईत एकामागून एक गिरण्या चालवल्या आणि त्यांत घाटावरून, कोकणातून आलेली हजारो माणसं राबली. अल्बर्ट यांनी पुढे इंग्लंडमध्ये बस्तान हलवलं आणि 1896मध्ये ब्रायटनला देह ठेवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इलायस यांच्या शाखेतल्या व्हिक्टर ससून यांनी त्या शाखेच्या गिरण्या विकल्या.

डेव्हिड यांच्या देणगीतून उभं राहिलेलं पुण्याचं रुग्णालय 1867मध्ये सुरू झालं. पारनेर, श्रीगोंद्याकडचा रुग्ण अत्यवस्थ झाला की आजही घरचे गाडी करून त्याला ‘ससूनला’ हलवतात.