घड्याळाच्या तबकडीवर शिंपल्याचं इंद्रधनुष्य



महागडं घड्याळ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर सोनं आणि हिरे येतात. आज अशा जपानी घड्याळांची ओळख करून घेऊ, ज्यांच्या तबकडीवर, म्हणजे डायलवर, झाडाचा चीक असतो आणि त्यात शिंपल्याचे तुकडे जडवलेले असतात. सेइकोच्या 'प्रेसाज' आणि सिटिझनच्या 'कॅम्पानोला' या मालिकांत अशी काही घड्याळं मोजक्या संख्येने निघाली आहेत. मोजकीच का? याचं उत्तर आपल्या विज्ञानाच्या तासाला देता येईल.

या कलेला जपानीत 'रादेन' म्हणतात. ती नारा काळात (इ.स. 710 ते 794) चीनमधून जपानमध्ये आली. नारा शहरातल्या शोसोइन या भांडारात त्या काळातलं, शिंपला जडवलेलं पाच तारांचं एक वाद्य आजही जपून ठेवलेलं आहे. म्हणजे घड्याळ नवं असलं, तरी त्यावरचं काम बाराशे वर्षांहून जुनं!

आधी चिकाकडे बघू. इथे मुलांचा एक गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडची लाख हा कीटकांचा स्राव असतो. जपानची 'उरुशी' मात्र झाडाचा चीक आहे. झाड साधारण दहा-पंधरा वर्षांचं झालं की सालीवर चरे पाडून चीक गोळा करतात. एका झाडापासून सबंध हंगामात जेमतेम दोनशे ग्रॅम मिळतो. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उततो हे आजीला विचारा, लगेच सांगेल! तसाच उरुशीचा कच्चा चीक अंगाला लागला की पुरळ उठतं.

आणखी एक गंमत. आपण रंग लावला की उन्हात वाळवतो. उरुशी मात्र दमट हवेत घट्ट होते, कारण तिच्यातलं विकर (एन्झाइम) हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा असेल तरच काम करतं. म्हणून कारागीर प्रत्येक थर दमट कपाटात ठेवतो आणि वाट बघतो. घाई केली तर काम बिघडतं.

आता शिंपला. ॲबलोनसारख्या समुद्री गोगलगाईच्या शंखाच्या आतला चकाकता थर यासाठी घेतात. बारीक कामासाठी तो घासून साधारण 0.1 मिलिमीटर इतका पातळ करतात. मग तुकडे कापून उरुशीवर एकेक बसवतात, त्यावर पुन्हा उरुशीचे थर देतात आणि शेवटी घासून शिंपला वर आणतात. घासणं कमी झालं तर चमक दडून राहते, जास्त झालं तर शिंपलाच झिजून जातो. हाताला अंदाज यायला वर्षं लागतात. शिवाय दोन शिंपले सारखे नसतात, त्यामुळे दोन तबकड्याही अगदी सारख्या होत नाहीत.

हे सगळं घड्याळावर कशाला, असं तुम्ही विचाराल. 25 डिसेंबर 1969 रोजी सेइकोनेच जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. पुढे अचूक वेळ इतकी स्वस्त झाली की आज साधं क्वार्ट्झ घड्याळही महागड्या यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक चालतं. नुसत्या अचूकपणासाठी कोणी जास्त पैसे मोजेना. मग घड्याळाचं मोल कारागिराच्या हाताकडे गेलं.

पण ते हात आणि तो चीक, दोन्ही कमी होत चालले आहेत. जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी आता चीनमधून येते. देशातली उरुशी मुख्यतः इवाते प्रांतातल्या जोबोजी भागात मिळते. झाडं लावणारा, चीक काढणारा आणि शिंपला कापणारा, यांतला एक जरी थांबला तरी साखळी तुटते. घड्याळाच्या एखाद्या मागणीने कारागिराला काम मिळतं, शिकाऊ मुलाला शिकायला कारण मिळतं.

वर्गात करून बघा: आतून चमकणारा एखादा शिंपला आणा आणि उजेडात हलवा. रंग बदलतात ना? आता त्याचा लहान तुकडा पाण्यात भिजवून दगडावर घासा. पूड पांढरट निघेल! मग रंग गेले कुठे? मुलांना विचार करू द्या. शिंपल्यात रंगद्रव्याचे ते रंग नसतातच. एकावर एक रचलेल्या अतिपातळ थरांवरून उजेड परावर्तित होतो, त्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि रंग दिसतात. थर मोडले की रंग गेले.

मुलांनी उत्तर शोधेपर्यंत मात्र आपण थांबायचं. उरुशीसारखंच!