कात्रजच्या दुधामागचा उन्हाळा

कात्रज डेअरीवरून जाताना दर वेळी मला दुधाच्या पिशवीमागचा गोठा आठवतो. ही डेअरी चालवणारा पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ 1960 चा. तेव्हापासून गावोगावचं दूध इथे येतंय, पण आता उन्हाळे बदललेत.

आपल्याकडच्या बऱ्याच संकरित गाईंमध्ये होल्स्टीन फ्रिजियनचं रक्त, म्हणजे थंड मुलखातलं. पारा 25 अंशांच्या वर गेला की अशा गाईला त्रास सुरू होतो. ती धापा टाकते, वैरण कमी खाते. दूध घटतं, फॅटही उतरतं, आणि दर तर फॅटवरही ठरतो!

म्हणून शेतकरी मुक्त संचार गोठ्याकडे वळलेत. मला ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. दावं सुटलं की गाय स्वतःच सावली शोधते, हवं तेव्हा पाणी पिते. काही जण फॉगर आणि पंखेही लावतात. वैरण पहाटे आणि संध्याकाळी टाकायची, कारण रवंथ-पचनाचीही उष्णता असते.

उन्हाळ्यातल्या चाराटंचाईसाठी मुरघास आहेच. दाणा चिकात असतानाच मका कापायचा, कुट्टी करून हवाबंद पिशवीत दाबायचा. साधारण दीड महिन्यात तो तयार होतो, आंबूस वासाचा.