घडणावळ जावी, रत्न जाऊ नये

सिकंदराबादेहून टँक बंड ओलांडून मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील सालारजंग संग्रहालयात जाणारा प्रेक्षक जेडच्या वस्तूंच्या दालनात थोडा अधिक रेंगाळतो. जहांगीर बादशहाचा खंजीर आणि नूरजहानचा फळे कापण्याचा चाकू तेथे मांडलेला आहे. दोन्ही रत्नजडित आहेत. शस्त्राला रत्न कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडावा. रत्नाने पात्याला धार चढत नाही. परंतु रत्न धारण करणाऱ्यास बळ देते, संकट टाळते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. नवरत्नांची अंगठी आजही त्याच समजुतीवर विकली जाते.

हाच समज आता एका अगदी निराळ्या ठिकाणी नांदू लागला आहे. संग्रहालय पाहून घरी परतलेला मुलगा संगणकापुढे बसतो, तेव्हा त्याच्या हातातील काल्पनिक तलवारीला तीन रिकामी घरे असतात आणि त्यांत कोणते खडे बसवावेत या विचारात तो गढून जातो. या खेळांना ‘ॲक्शन रोल-प्लेइंग गेम’ असे म्हणतात. खेळणारा एखाद्या वीराची भूमिका घेतो, राक्षसांशी लढतो, त्यांच्याजवळचे धन गोळा करतो आणि त्या धनातून आपली शस्त्रे व चिलखत सुधारून घेतो. लढाई ही या खेळाची एक बाजू. कारागिरी ही दुसरी. पुष्कळ खेळाडू गुंततात ते या दुसऱ्या बाजूत.

या प्रकारातील सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे अमेरिकेतील ब्लिझर्ड या संस्थेने २००० साली प्रसिद्ध केलेला ‘डायब्लो २’. त्यात माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज, हिरा आणि जांभळा अमेथिस्ट ही सहा रत्ने आणि सातवी कवटी, असे सात प्रकार आहेत. प्रत्येकाच्या पाच प्रती. कल्पना मोठी सुरेख आहे. तेच माणिक तलवारीत बसविले तर घावाबरोबर आगीचा मार बसतो. चिलखतात बसविले तर वीराची जीवनशक्ती वाढते. ढालीत बसविले तर शत्रूच्या आगीपासून रक्षण होते. रत्न एकच, पण कोंदणानुसार त्याचा गुण पालटतो. येथे खेळणाऱ्यास खरोखर विचार करावा लागतो.

मग दोष कोठे होता? दोष असा की एकदा बसविलेला खडा पुन्हा काढून घेता येत नसे. खालच्या प्रतीचे तीन खडे एकत्र केले की वरच्या प्रतीचा एक मिळतो. अशा चार पायऱ्या चढावयाच्या, म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन. सर्वोत्तम प्रतीच्या एका रत्नापोटी अगदी खालच्या प्रतीचे एक्याऐंशी खडे खर्ची पडतात. इतक्या कष्टाने मिळविलेले रत्न कोण बसवील? उद्या याहून चांगली तलवार मिळाली तर? या धास्तीने खेळाडू रत्ने पेटीत साठवून ठेवी आणि लढाईला रिकाम्या घरांची तलवार घेऊन जाई. पुढे केलेल्या एका सुधारणेत घर मोकळे करण्याची सोय झाली खरी, पण त्यात तलवार वाचे आणि खडा नष्ट होई. लग्नात घातलेला दागिना मोडेल म्हणून जन्मभर कडीकुलुपात ठेवणाऱ्या गृहिणीची जी स्थिती, तीच या वीराची झाली. जे वापरण्यासाठी होते, ते जपण्यापुरतेच उरले.

याचे उत्तर सराफकट्ट्यावर फार पूर्वीच सापडलेले आहे. कुंदनाच्या कामात कारागीर दागिन्याच्या पोकळीत लाख भरतो, तीवर चकाकणारा पातळ वर्ख ठेवतो, त्यावर खडा बसवितो आणि भोवती अतिशय शुद्ध केलेल्या सोन्याच्या पातळ पट्ट्या दाबीत जातो. हे सोने इतके निर्मळ व मऊ असते की आच न देता, केवळ दाबानेच ते एकजीव होते. विशेष म्हणजे येथे खडा कोंदणाच्या मापाने कापीत नाहीत. वेड्यावाकड्या आकाराच्या खड्याभोवती कोंदणच त्याच्या मापाने उभे राहते. आणि पुढे घराण्यातील कोणास नवा दागिना घडवावासा वाटला, तर कसबी कारागीर ते सोने उकलून, लाख नरम करून, खडा मोकळा करतो. वर्ख आणि लाख नवी लागते, मजुरी नव्याने द्यावी लागते. परंतु खडा राहतो आणि सोनेही राहते.

सिकंदराबादच्या पॉट मार्केटमध्ये जुना दागिना मोडीत घालणाऱ्या प्रत्येक बाईला हा हिशेब तोंडपाठ असतो. मोडीत घडणावळ जाते, थोडी घट धरली जाते, पण सोन्याचे मोल बुडत नाही. चुकीच्या निवडीचा दंड असावा. तो इतकाच असावा. दंड मुळीच नसेल तर माणूस निवड करताना विचार करीत नाही. दंड सर्वस्वाचा असेल तर तो निवडच करीत नाही. खेळ रचणाऱ्यांना हे मधले माप सापडावयास बराच काळ लागला.

‘टॉर्चलाइट २’ या २०१२ सालच्या खेळात खेळाडूपुढे दोन मार्ग ठेवले होते: शस्त्र मोडून रत्न वाचवा, किंवा रत्न मोडून शस्त्राचे घर मोकळे करा. म्हणजे दोहोंपैकी एकाचा त्याग ठरलेला. त्याच वर्षी आलेल्या ‘डायब्लो ३’ मध्ये मात्र रत्नकाराला खेळातील सोन्याची नाणी दिली की रत्न आणि शस्त्र दोन्ही शाबूत परत मिळू लागली. ही खरी घडणावळ झाली. पण तेथे दुसराच दोष उद्भवला. शस्त्रात बसविलेला पाचू वर्मी बसणाऱ्या घावाचा जोर इतका वाढवी की आरंभीच्या काळात बहुतेकांच्या शस्त्रात पाचूच दिसू लागला. रत्ने अनेक आणि उत्तर एकच, असे झाले की निवडीला अर्थ राहत नाही. खडा परत मिळण्याची सोय पुरेशी नाही. प्रत्येक खड्याला त्याचे असे कोंदण असले पाहिजे, हा यातून निघणारा दुसरा धडा होय.

तिसरा धडा दैवाचा आहे. न्यूझीलंडमधील एका संस्थेने २०१३ साली ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा खेळ आणला. त्यात रत्न म्हणजेच विद्या. वीराची कौशल्ये रत्नांत असतात आणि ती चिलखताच्या घरांत बसवावी लागतात. रत्ने हवी तेव्हा काढता-घालता येतात. परंतु घरांची संख्या, त्यांचे रंग आणि त्यांना जोडणारे दुवे पालटावयाचे तर विशिष्ट गोळे खर्च करून नशीब अजमावावे लागे. सहा घरे एकमेकांस जोडली जाणे हे परमभाग्य. कोणास ते दहा गोळ्यांत लाभे, तर कोणास हजारांतही लाभत नसे.

येथे शाळेतील गणित थोडे आठवावे. शंभरांत एक अशी शक्यता असली, म्हणजे शंभर वेळा प्रयत्न केल्यावर यश ठरलेलेच, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. शंभर माणसांनी प्रत्येकी शंभर वेळा प्रयत्न केला, तरी त्यांपैकी सुमारे सदतीस जणांच्या हाती अखेरीस काहीच लागणार नाही. मन मात्र म्हणते, ‘इतके गेले, आता पुढच्या वेळी नक्की!’ जुगाराच्या अड्ड्यावर माणसाला खिळवून ठेवणारे वाक्य हेच. या खेळाच्या कर्त्यांनी पुढे एक सोय केली: दीड हजार गोळे एकरकमी दिले की सहाही घरे खात्रीने जोडून मिळतील. किंमत जबर होती, पण दैवाला मर्यादा पडली. कष्ट करणाऱ्यास आपण कोठे पोहोचणार हे दिसू लागले. २०२४ च्या डिसेंबरात लोकांपुढे आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात तर साहाय्यक रत्नांची घरे चिलखतातून काढून विद्येच्या मूळ रत्नातच नेली गेली. नवे चिलखत घालावयाचे म्हणून जुन्या विद्येला मुकावे, ही अडचण त्यामुळे दूर झाली.

येथवरचे सारे नुकसान काल्पनिक रत्नांचे होते. परंतु २०२२ साली फोनवर आलेल्या ‘डायब्लो इमॉर्टल’ या खेळात असाधारण रत्ने मिळण्याची संधी खऱ्या पैशांनी विकत घेता येऊ लागली. विकली जाते ती संधी, रत्न नव्हे. पैसे देणाऱ्यास उत्तम रत्न लाभेल की सामान्य, हे दैवावर सोडलेले. नशिबाच्या पेट्यांविषयीच्या कायद्यांमुळे बेल्जियम व नेदरलँड्स या दोन देशांत हा खेळ प्रसिद्धच झाला नाही. जेथे रोखपाल आणि दैव हातात हात घालून उभे असतात, तेथे कारागिरी संपते आणि दुसरेच काही सुरू होते, हे पालकांनी ओळखले पाहिजे.

याउलट सराफाच्या दुकानाकडे पाहावे. भारतात २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. दागिना किती कसाचा आहे, हे घेण्यापूर्वी कळावे, एवढाच त्याचा हेतू. खेळातील कारागिरीलाही असाच उघडा हिशेब हवा. या घरात हा खडा बसविला तर काय होईल, काढला तर काय द्यावे लागेल, यशाची शक्यता किती आणि अपयशाची सीमा कोणती, हे सारे हातोडी उचलण्यापूर्वीच खेळाडूला दिसले पाहिजे.

हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांत आज संगणकाच्या धंद्यावर पोट भरणारे हजारो तरुण आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी असा खेळ रचावयास बसला, तर त्याने परदेशी खेळ अवश्य पाहावेत; पण एक सकाळ जडावकाम करणाऱ्या कारागिराच्या शेजारीही घालवावी. खडा बसविताना त्या कारागिराचा हात मुळीच कचरत नाही. चुकले तर पुन्हा उकलता येईल, हे त्याला ठाऊक असते. आणि उकलण्यात आपली आजची मेहनत वाया जाईल हेही ठाऊक असल्यामुळे तो निष्काळजीही राहत नाही. हा निर्भयपणा आणि ही काळजी खेळणाऱ्या मुलाच्या हाती एकदम आली, तर त्याच्या पेटीतील रत्ने तलवारीत जाऊन बसतील; आणि निवड करावी, चुकावे, मोल द्यावे व पुन्हा घडवावे, हा आयुष्यभर उपयोगी पडणारा धडाही तो खेळता खेळता शिकेल.