पाय, पेडल आणि आपले प्रमाणपत्र

मूल पोलिओने अधू झाले, पाठीच्या कण्यात जन्मजात दोष निघाला किंवा सेरेब्रल पाल्सीचे निदान झाले, की पालक बालरोगतज्ज्ञाला पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, हा चालेल ना?" वीस-पंचवीस वर्षांनी तेच मूल कमावते होऊन विचारते, "डॉक्टर, मला मोटार चालवता येईल का?" या दुसऱ्या प्रश्नाला पुष्कळदा तपासणीविनाच "नको रे बाबा" असे उत्तर मिळते. म्हणून व्यवसायबंधू आणि समाजबांधव या दोघांसाठी हा लेखनप्रपंच.

मोटार काय मागते?

साध्या गिअरच्या गाडीत तीन पेडले आणि दोन पाय अशी विभागणी असते. उजवा पाय आळीपाळीने ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर सांभाळतो. डाव्याकडे केवळ क्लच. मात्र क्लच पूर्ण दाबावा लागतो आणि सोडताना हळूहळू सोडावा लागतो. चोर्ला घाटाच्या चढणीवर थांबलेली गाडी पुढे काढताना हँडब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचा मेळ काही क्षणांतच साधावा लागतो. शिवाय आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने गिअर डाव्या हाताला येतो. पायांचे काम हातांवर सोपवताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कामाची फेरवाटणी

केवळ डावा पाय दुर्बल असेल, तर प्रश्न फक्त क्लचचा. गिअरच्या मुठीवर एक कळ बसवतात. ती दाबली की विजेच्या मोटरवर किंवा इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारे यंत्र क्लच ओढून धरते आणि कळ सोडली की बेताने सोडते. उजव्या पायाचे काम जसेच्या तसे राहते.

उजवा पाय दुर्बल असेल, तर ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर स्टिअरिंगजवळच्या एका दांड्याला जोडतात. अशा दांड्याच्या सर्वसाधारण रचनेत पुढे ढकलले की ब्रेक लागतो. यामागे साधा विचार आहे : जोराचा ब्रेक लागला की शरीर पुढे झुकते, त्या झोक्याने गाडीचा वेग वाढता कामा नये.

दोन्ही पाय निकामी असल्यास दांडा आणि स्वयंचलित क्लच दोन्ही लागतात. एका हाताने स्टिअरिंग वळवता यावे म्हणून त्यावर गोल मूठ बसवतात. तरीही ब्रेक आणि गिअर एकाच वेळी हाताळण्याची अडचण उरतेच. अशा व्यक्तीने नवी गाडी घेताना आपोआप गिअर बदलणारी घ्यावी, हे माझे स्पष्ट मत. अशी सोय लहान गाड्यांतही मिळते. पण घरात आधीच असलेली गाडी सर्वांनाच बदलता येत नाही. योग्य प्रकारे केलेल्या फेरबदलात मूळ पेडले कायम राहतात आणि घरातील इतरांनाही ती गाडी चालवता येते.

अधू पाय सारखे नसतात

येथे आपले वैद्यकीय ज्ञान उपयोगी पडते. पोलिओत स्नायूंचे बळ जाते, पण संवेदना शाबूत असते. कण्याच्या जन्मजात दोषात बळ थोडेफार शिल्लक असले, तरी तळपायाला स्पर्श कळत नसेल तर तो पाय पेडलवर आहे की नाही हे चालकाला समजत नाही. त्यावर ब्रेक सोपवू नये. सेरेब्रल पाल्सीत पायात जोर दिसतो, परंतु दाब पडताच घोटा आपोआप थडथडू लागतो. यालाच आपण क्लोनस म्हणतो. शिवाय अशा व्यक्तीची दृष्टी, अंतराचा अंदाज आणि आकडीचा इतिहास तपासणे अगत्याचे. स्नायूंचे वाढत जाणारे विकार असतील, तर एकदाच तपासून भागत नाही.

लहानपणापासून माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाला 'पोलिओग्रस्त, अयोग्य' असे लिहून परत पाठवण्यात आले होते. मी तपासले तेव्हा उजव्या पायाची ताकद पूर्ण होती, कंबर स्थिर होती, दृष्टी उत्तम होती. अडत होता तो केवळ क्लच. गाडीत बदल झाला, परवाना मिळाला. आज तो आठवड्यातून दोनदा आईला स्वतः डायलिसिसला नेतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा अशा चालकाच्या आड येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने 'इनव्हॅलिड कॅरेज' हा अवमानकारक शब्द जाऊन 'अडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे अनुकूलित वाहन, ही संज्ञा आली. बदलासाठी कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आर.सी.वर नोंद लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अन्यथा अपघातानंतर भरपाईचा वाद उद्भवू शकतो. ओळखीच्या गॅरेजमध्ये परस्पर सळई जोडून घेणे तर सर्वथा टाळावे.

व्यवसायबंधूंना विनंती

१३ जानेवारी २०११ नंतर भारतात वन्य पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही. परंतु त्यापूर्वी अधू झालेली मुले आज ऐन कर्तबगारीच्या वयात आहेत. प्रमाणपत्र लिहिताना केवळ आजाराचे नाव लिहून थांबू नये. कोणता अवयव कोणते काम खात्रीने करू शकतो, कोणते नाही, आणि गाडीत काय बदल हवा, हे तपासून नमूद करावे. जो खरोखर असमर्थ आहे त्याला नकार देणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र तो नकार तपासणीनंतरचा असावा.