आरसा गेला, लेन्सचं काय?

निकॉनचा डीएसएलआर सोडून मिररलेस घ्यायचा ठरला की पहिली काळजी घरातल्या ५० मिमी प्राइम लेन्सची. डीएसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये माउंट आणि सेन्सर यांतलं अंतर ४६.५ मिमी आहे. झेड माउंटमध्ये आरसाच नाही. अंतर अवघं १६ मिमी. उरलेले ३०.५ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे एफटीझेड अ‍ॅडाप्टर. त्यात काच नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा घसरत नाही.

खरी मेख आहे मोटरीत. एफ/१.८ची ‘जी’ लेन्स स्वतःच्या मोटरीवर फोकस करते. तिची थोरली बहीण ‘डी’ मात्र बॉडीतल्या मोटरीवर चालायची. एफटीझेडमध्ये ती मोटर नाही, म्हणून रिंग हातानं फिरवावी लागते.

नवी प्राइम घेण्याआधी झूमनं काढलेले जुने फोटो उघडून त्यांची फोकल लेंग्थ बघा. आपली नजर कुठे रमते ते तिथे नोंदलेलं असतं. सेन्सर लहान होत असेल तर आकडाही बदलतो: फुजीच्या एक्स मालिकेत ३५ मिमी लेन्स फुलफ्रेमवरच्या साधारण ५० मिमीइतका कोन दाखवते. मी तरी आधी एकच घेईन, तीही सेकंडहँड, आणि महिनाभर तीच लावून हिंडेन.