संजीवनी : कबड्डीचा नियम आणि कार्यालयातील संघ

कामाच्या ठिकाणी संघभावना वाढवण्यासाठी खेळाचे दाखले देताना बहुधा विजेत्या कर्णधाराचे गुण सांगितले जातात. परंतु संघाची उमेद व्यक्तिगुणांपेक्षा नियमांच्या रचनेवर अधिक टिकते, हे कबड्डीत स्पष्ट दिसते. या खेळाच्या ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला खेळाडू सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो, तर आजच्या स्पर्धांचा पाया असलेल्या ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद होताच आपला एक गडी, ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने, मैदानात परततो आणि त्यामुळे बाहेर बसलेल्याचेही लक्ष खेळावर खिळून राहते. एका चुकीसाठी कर्मचाऱ्याला महत्त्वाच्या कामातून कायमचे दूर ठेवणारे व्यवस्थापन (आणि अशी कार्यालये थोडी नाहीत) नकळत गामिनीच खेळत असते. प्रो कबड्डी लीगमधील ‘सुपर टॅकल’चा नियमही लक्षणीय आहे : मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूची पकड केली, तर एक गुण जादा मिळतो, म्हणजेच अपुऱ्या बळावर साधलेल्या यशाचे मोल अधिक धरले जाते. माणसे कमी असताना काम निभावून नेणाऱ्यांना वार्षिक मूल्यमापनात असा जादा गुण क्वचितच मिळतो.