उघड्या समुद्रावरची कोंडी

समुद्रावर ऊन लागते, पण उकडत नाही, असा आपल्याकडे बहुतेकांचा समज असतो. संध्याकाळी दादर किंवा मिरामारच्या वाळूवर बसून खारा वारा अंगावर घेणाऱ्याच्या बाबतीत तो खराही असतो. पण तीस-चाळीस फुटी शिडाच्या बोटीवर ज्यांना आठवडेच्या आठवडे जेवायचे, झोपायचे आणि काम करायचे असते, त्यांना उन्हाळ्यात सर्वांत जास्त त्रास उकाड्याचाच होतो. चहूबाजूंना मोकळा समुद्र आणि आत जीव गुदमरतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. ते समजून घेतले, की बोटीवरच्या दिनक्रमातल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. माझे म्हणणे असे, की तिथला उकाडा तापमापकापेक्षा वाऱ्यावर जास्त अवलंबून असतो. म्हणून गारवा तयार करणाऱ्या यंत्रापेक्षा वारा, सावली आणि पिण्याचे पाणी यांची नीट व्यवस्था तिथे जास्त उपयोगी पडते.

आधी समुद्राचा विचार करू. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, अरबी समुद्राच्या मोठ्या भागात पृष्ठभागाचे पाणी तीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर गेलेले असते. बोटीचा निम्मा देह त्या पाण्यात बुडालेला. त्यामुळे जमिनीवरच्या घरासारखी ती रात्री निवत नाही. दिवसभर तापलेले डेक सूर्यास्तानंतर गार होते, पण खालची केबिन समुद्राच्या तापमानाखाली जवळजवळ उतरतच नाही. त्यात हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला गारवा देत नाही. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर शरीरातली साधारण ६७० वॅट-तास उष्णता घेऊन जातो. हीच उष्णता काढायला केबिनमधल्या छोट्या एसीला जवळपास अर्धा तास चालावे लागते. अट एवढीच, की घाम ओघळून न जाता वाळला पाहिजे, आणि दमट हवेत तो वाळायचा तर अंगावरून वारा वाहायला हवा.

वारा तर शिडाच्या बोटीला हवाच असतो, मग अडचण कुठे येते? ती येते बोट चालू लागली की. बारा नॉटचा वारा मागून आहे आणि बोट सहा नॉटने पुढे जाते आहे असे धरा. डेकवरच्या माणसाला जाणवतो तो या दोहोंतला फरक, म्हणजे फक्त सहा नॉट, ताशी अकरा किलोमीटर. वाऱ्याचा जोर आणखी कमी असला, तर अंगावर झुळूकही येत नाही, वर शीड भरलेले दिसत असताना. उष्ण कटिबंधातून जग ओलांडणारे बहुतेक लांबचे मार्ग व्यापारी वारे पाठीवर घेऊन आखलेले असतात. सोयीचा, वेगाचा आणि बोटीला कमी ताण देणारा मार्ग अशा रीतीने सर्वांत उकाड्याचा ठरतो. आता तोच बारा नॉटचा वारा समोरून तिरका घेतला, तर बोटीचा वेग त्यात मिळून डेकवर सोळा नॉटपर्यंत वारा जाणवतो आणि अंग गार पडते. पण बोट कलंडून लाटा कापू लागली, की पाण्याचे सपकारे नाळेवरून मागे येतात, आणि छताच्या झडपा घट्ट लावून घ्याव्या लागतात. केबिन बंद डब्यासारखी तापते. वारा भरपूर असतो तेव्हा झडपा बंद आणि झडपा उघड्या ठेवता येतात तेव्हा वारा नाही, अशी ही कोंडी आहे. बोटीवरचा उन्हाळ्यातला जवळपास प्रत्येक निर्णय तिच्यातून वाट काढण्यासाठी घेतलेला असतो.

नांगरलेल्या बोटीची गोष्ट निराळी. एका नांगरावर उभी असलेली बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. नाळेजवळची झडप उघडली आणि तिच्यावर कापडाची झोळी बांधली, की वारा थेट केबिनमध्ये उतरतो. तीच बोट मरिनातल्या धक्क्याला बांधली, तर वारा कुठून येईल याची खात्री नसते, आणि बंदराच्या भिंती तो अडवतात. भूमध्य समुद्रात ऑगस्टमध्ये हा फरक उत्तम दिसतो. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा जोरकस वारा वाहतो. तो शिडांची परीक्षा बघतो, पण त्याच्यामुळे मोकळ्या खाडीत नांगरलेल्या बोटीवर पारा तेहतिसावर असतानाही झोप लागते. तेच तापमान दगडी धक्क्याला पाठ लावून उभ्या राहिलेल्या बोटीवर असह्य होते. अनुभवी लोक धक्क्यावरची वीज आणि नळ सोडून खाडीत नांगर टाकतात, ते काही केवळ एकांताच्या हौसेपोटी नाही.

सावलीचेही असेच. पांढरे डेक आणि गडद सागवानी डेक यांच्यातला फरक अनवाणी पायांना लगेच कळतो. शिडाच्या आडव्या दांड्यावर पसरलेली ताडपत्री डेकला ऊन लागूच देत नाही, म्हणून ती केबिनमधल्या पंख्यापेक्षा जास्त काम करते. पण चालू बोटीवर ती पसरता येत नाही, कारण शीड आणि दोर यांच्या आड येते. म्हणून प्रवासात सुकाणूजवळच्या लहान छपराखाली सगळे दुपार काढतात, आणि जड कामे, म्हणजे दोर बदलणे, शिडाला टाका घालणे, इंजिन बघणे, उजाडल्यापासून नऊपर्यंत उरकतात. स्वयंपाकही सकाळीच होतो. प्रेशर कुकरचे महत्त्व इथे वेगळेच आहे: गॅस कमी लागतो, ज्योत थोडाच वेळ पेटते आणि वाफ केबिनभर पसरत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरची मीठ घातलेली तांदळाची पेज या हिशोबात फार शहाणी ठरते, कारण तिच्यातून पोटात पाणीही जाते आणि घामाबरोबर गेलेले मीठही परत येते.

मीठ मात्र बोटीवर दुसऱ्या रूपात छळते, आणि हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. मिठाचे कण हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली, की तिच्यातले पाणी ओढून पाझरू लागतात; समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच ओलावा धरते. गादीला, उशीला, शर्टाच्या कॉलरला एकदा खारे पाणी लागले, की ते कापड कितीही वाळवले तरी रात्री पुन्हा ओलसर होते. अंगाला चिकटणारी ती ओल घाम वाळू देत नाही, मग काखेत, कमरेशी, मांड्यांवर पुरळ उठते आणि झोप मोडते. पाळ्यांनी जागणाऱ्या माणसांची दुपारची झोप आधीच तुटपुंजी, ती अशी गेली तर रात्री सुकाणू धरणाऱ्याच्या चुका वाढतात. म्हणून झोपण्यापूर्वी अंगावर ओतलेल्या दोन तांब्या गोड्या पाण्याला चैन म्हणणे चूक आहे.

पाण्याचे महत्त्व किती, याचा पुरावा आपल्या मुंबईतच बांधलेल्या एका बोटीने दिला आहे. ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी सागवानी बोट मुंबईत तयार झाली आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती घेऊन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फॅल्मथमधून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा सुरू केली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते परतले. असे करणारे ते पहिले. जुलै-ऑगस्टमध्ये अटलांटिकचा उष्ण भाग ओलांडताना वारा पडला, की पोहून अंग निववण्याचा त्यांचा रिवाज होता. केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेकडे एका लाटेने बोट आडवी पाडल्यावर टाक्यांतले पिण्याचे पाणी खराब झाले, आणि पुढे त्यांना शिडावरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यावर विसंबावे लागले. बोटीत फ्रीज नव्हता, एसीचा तर प्रश्नच नव्हता. पाण्याचा घोट न् घोट मोजणाऱ्या माणसाने ती प्रदक्षिणा पुरी केली.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हा १९६८चा काळ झाला. आता सौर पॅनेल, लिथियम बॅटऱ्या आणि लहान एसी मिळतात, मग उकाडा का सोसायचा? आक्षेप गंभीर आहे, म्हणून आकडेच पाहू. चारशे वॅटची पॅनेल चांगल्या दिवशी १.८ युनिट वीज देतात, तीही शिडाची सावली पडली नाही तर. तापलेल्या पॅनेलची वीज आणखी दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. त्यातला मोठा वाटा फ्रीज नेतो, आणि समुद्र जितका गरम तितका तो जास्त चालतो. पाचशे वॅटचा एसी रात्री आठ तास चालवायचा, तर चार युनिट लागतात. म्हणजे इंजिन किंवा जनरेटर सुरू, त्याची उष्णता आणि धूर पुन्हा बोटीतच. समुद्राचे पाणी गोडे करणारी छोटी, ऊर्जा वाचवणारी यंत्रे लिटरमागे साधारण चार वॅट-तास वापरतात. एसीच्या एका तासाच्या विजेत अशा यंत्रातून शंभर लिटरहून अधिक पाणी निघते, आणि त्यातला अंगावरून वाळणारा प्रत्येक लिटर ६७० वॅट-तास उष्णता नेतो. नवे तंत्रज्ञान मी नाकारत नाही. मोजकी वीज हाती असेल, तर ती पाण्यावर आणि दोन चांगल्या पंख्यांवर खर्च करावी, एवढेच माझे म्हणणे. शिवाय एसी चालवायचा तर झडपा बंद कराव्या लागतात, आणि जी कोंडी टाळायची ती आपण आपल्या हाताने ओढवून घेतो. जनरेटर बंद पडला, की ती लगेच जाणवते.

दुसरा आक्षेप मला मान्यच करावा लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये इराणच्या आखातात हवा इतकी बाष्पाने भरलेली असते, की वारा असूनही घाम नीट वाळत नाही. तिथे माझा युक्तिवाद थिटा पडतो. पण तिथेही जुने उत्तर यंत्राचे नव्हते, तर कॅलेंडरचे होते. अरबी समुद्रातली शिडाची गलबते मोसमी वाऱ्यांनुसार ये-जा करत, आणि जो काळ जीवघेणा तो बंदरात काढत. कधी निघायचे हेही उकाड्याच्या व्यवस्थेतच येते. आणखी एक इशारा इथे द्यायला हवा: वारा घाम लगेच वाळवतो, म्हणून आपल्याला घाम येतच नाही असे वाटते आणि माणूस पाणी प्यायचे विसरतो. गार वाटणे आणि शरीरात पाणी पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता, माणशी रोज तीन-चार लिटर पाणी पोटात जाते की नाही यावर लक्ष ठेवावे लागते.

हा श्रीमंतांचा छंद आहे, आपल्याला त्याचे काय, असेही कुणी म्हणेल. आपल्याकडचा इतिहास वेगळे सांगतो. कमांडर दिलीप दोंदे गोव्यातल्या दिवाडीत बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. नौदलाच्या ‘तारिणी’ या बोटीवरच्या सहा महिला अधिकारी अशाच प्रदक्षिणेहून २१ मे २०१८ रोजी गोव्यात आल्या, आणि त्याच बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २९ मे २०२५ रोजी. तिन्ही वेळा मे महिनाच, हा योगायोग नाही. दक्षिणेकडचा वादळी महासागर तिथल्या उन्हाळ्यात ओलांडायचा आणि आपला पावसाळा फुटण्यापूर्वी घरी पोहोचायचे, असे गणित मांडले, की शेवटचा टप्पा अरबी समुद्राच्या सर्वांत तापलेल्या दिवसांतच येतो. दक्षिणेच्या थंडीची चर्चा खूप होते. महिनोन्‌महिन्यांचा थकवा घेऊन मेच्या दमट हवेत बोट हाकणे हेही तितकेच अवघड कौशल्य आहे, आणि त्याची दखल घ्यायला हवी. रोजच्या पोटासाठी समुद्रात जाणाऱ्या कोकणातल्या खलाशाला तर ते शिकवावे लागत नाही. पहाटेचा मतलई वारा धरून बाहेर पडायचे आणि दुपारी वाढणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर किनारा गाठायचा, ही शिडाच्या काळातली रीत वेगासाठी होती तशी उन्हासाठीही.

म्हणूनच मला काळजी वाटते ती आता आपल्या किनाऱ्यावर येऊ लागलेल्या पर्यटनाच्या आणि हौशी बोटींची. थंड देशांत, थंडीसाठी बांधलेल्या बोटी घेतल्या, तर मोठमोठ्या न उघडणाऱ्या काचा आणि मोजक्या झडपा पदरात पडतात, आणि मग एसी लावण्यावाचून इलाज राहत नाही. खरेदी करणाऱ्याने बोटीची लांबी आणि आतली सजावट बघण्याआधी, चालत्या बोटीवर, सपकारे येत असताना किती वाटा उघड्या ठेवता येतात ते मोजावे. ही कोंडी फोडणारी युक्ती ‘डोरेड’ या १९३०च्या अमेरिकी शर्यतीच्या बोटीमुळे प्रसिद्ध झाली: डेकवरची एक पेटी, तिच्यात शिरलेले पाणी खालच्या भोकांतून बाहेर निघून जाते आणि हवा उंच नळीतून आत उतरते. तिला वीज लागत नाही, मोडण्यासारखे तिच्यात काही नाही, आणि गोव्यातला कोणताही चांगला सुतार ती लाकडात बनवू शकतो. कोकणात एप्रिल-मेमध्ये चालणाऱ्या प्रत्येक बोटीवर अशा दोन पेट्या, सुकाणूवर पक्के छप्पर आणि नांगरल्यावर पसरायची ताडपत्री असावी, आणि गोड्या पाण्याची टाकी घेताना माणशी रोज चार लिटर धरून, वर आंघोळीचे पाणी जमेस घेऊन तिचे माप ठरवावे.